उठला न्हाई तो किल्लेदार

मु. पिंपळदरे, ता. खटाव
१८ ऑगस्ट १९७२

चि. ज्ञानूस,

ह्ये पत्र तुझ्या दाजीचं हाय, आन् तुझा दाजी मेलेला हाय असं गाव म्हनतंय. तवा मेलेल्याचं पत्र आलं म्हनून कोयनेच्या कॉलनीत बोंब मारू नकोस. मी खुशाल हाय. खातो, पितो, मिशीला पीळ भरतो. पलटणीत सतरा वर्षं काढली, तिथं मेलो न्हाई, आन् गावच्या स्टेजवर मेलो. ह्यात लाज वाटन्यासारखं काय हाय ते मला अजून कुनी सांगितल्यालं न्हाई.

तू न सांगता निघून गेलास. सख्ख्या बहिनीच्या नवऱ्याला तोंडबी दावलं न्हाईस. कोयनानगरला वर्कशापात चिकटलास ह्ये मला येष्टीच्या कंडक्टरकडनं कळलं. असू दे. पर त्या पहाटं काय झालं त्येच्या तू चार ठिकानी चार गोष्टी सांगायच्या आधी माझी बाजू कागदावर असू दे.

"किल्लेदाराची आण" ह्ये नाटक आपल्या गावात आज्याच्या काळापास्नं जत्रंला हुतंय. किल्लेदार सुभानराव म्हंजे मी, देवडीवरचा नाईक म्हंजे तू. आन् आपल्या गावची रीत तुला म्या सांगायला नको, पर रागाच्या भरात मानूस इसरतं म्हनून सांगतो. भैरोबाच्या पुढ्यात मढं ऱ्हाऊ द्यायचं न्हाई. म्हनून शेवटच्या अंकात किल्लेदार पडला की पडदा पडायच्या आत नाईकानं अंगारा घिऊन यायचं, त्येच्या कपाळाला लावायचा, तीन हाका मारायच्या, आन् मेलेल्यानं उठून देवळाकडं तोंड करून हात जोडायचं. मग गुलाल, मग हलगी, मग लोक हसत घरी. नऊ जत्रा मी असाच मेलो आन् असाच उठलो.

औंदा उठलो न्हाई. तू तीन हाका मारल्यास, मी पडून ऱ्हायलो. धोंडिराम गुरव पडद्याआडनं माझ्या पायाला चिमटं काढत हुता. मी हाललो न्हाई. तू अंगाऱ्याची वाटी तिथंच ठिवलीस आन् निघून गेलास. सरपंच आप्पासाहेबांनी पडदा पाडाय लावला.

सांगलीस्नं ड्रेपरी, नाटकाचं कपडं-तलवारी, घिऊन आलेला लालासाहेब मला मिठी मारून काय म्हनला ठाऊक हाय का? म्हनला, "हवालदार, सांगलीत मोठमोठी नाटकं बगितली, मोठमोठं नट बगितलं. पर असं मरान बगितलं न्हाई. ह्येला शोकांतिका म्हनत्यात." सांगलीच्या मानसानं म्हनावं, आन् आपल्या गावानं काय म्हनावं? तर म्हनं नाथाजीनं देवाची रीत मोडली.

आता श्रावन लागला, आभाळ कोरडं ठनठनीत. बाजरी करपून गेली. आन् त्येचाबी ठपका माझ्यावर. किल्लेदार उठला न्हाई म्हनून पाऊस उठला न्हाई म्हनं. धोंडिरामानं तर निवाडाच दिलाय, की जवर अंगारा लावून उठवत न्हाईत तवर नाथाजी मेलेला. परसाद माझ्या हातावर ठेवत न्हाई, पायरीच्या दगडावर ठेवतो, मी उचलायचा. मी उचलतो. ताठ मानेनं उचलतो. साऱ्या जिल्ह्यात असा एक नट दाव, जो असा मेला की गाव त्येला अजून जिता धरत न्हाई.

तुझा दाजी,
नाथाजी

---

पिंपळदरे
२१ जानेवारी १९७३

ज्ञानू,

तुझं कार्ड पोचलं. एवढं मोठं कार्ड, आन् त्येच्यावर एक ओळ. "तुमी उठला न्हाई." बास. खाली सहीबी न्हाई. जसं काय मला ठाऊकच न्हवतं.

इथं सगळं गाव तलावाच्या दुष्काळी कामावर हाय. मीबी खडी फोडतो. हजेरीला नाव पुकारलं की मी पलटणीतल्यावानी "हजर" म्हनतो, आन् बाया हसत्यात, मेलेला हजर हाय म्हनत्यात. सुकडी वाटनाऱ्यानं एकदा इचारलं, मढ्याला सुकडी लागती का. मी म्हनलं, दुप्पट लागती, त्येला लांबचा पल्ला गाठायचा असतो. दिली मुकाट.

दुपारच्या सुट्टीत लोकं म्हनत्यात, हवालदार, किल्लेदाराचं भाषन म्हना. मग मी खडीच्या ढिगावर हुबा ऱ्हातो. पोटात न्हाई धड भाकर, पर आवाज पार टेकडीला जाऊन धडकतो. परवा असंच झालं आन् शालूबाई मधेच बोलली. ती, परटाच्या आळीतली, नवरा गेल्यापास्नं एकटीच ऱ्हाती ती. म्हनली, "आवं भावजी, तुमचा किल्लेदार येडाच म्हनायचा. सरकारनं, म्हंजे त्येच्या धन्यानं, सांगितलं, मी येईस्तवर दार कुनासाठी उघडू नको, सूर्य उगवल्याबिगर तर न्हाईच न्हाई. बरं. पर राती सरकार सोता दाराशी आलं, फाटक्या कापडात, मागं गनिम लागल्याला. हाका मारत्यात. ह्यो बसलाय आण धरून. सकाळी दार उघडून बगतो तर सरकारचं मढं, आन् त्ये बगून ह्योबी जीव सोडतो. एक दार उघडलं असतं तर काय झालं असतं?"

मी म्हनलं, "शालूबाई, काय न्हाई झालं असतं. म्हंजे नाटकच न्हाई झालं असतं."

सगळी हसली. पर मी चेष्टा केली न्हवती. बग ज्ञानू, त्या नाटकात खलपुरुष कुठं हाय? गनिम तर एकदाबी स्टेजवर येत न्हाई. किल्लेदाराला कोन मारतं? फितुरी न्हाई, दारू न्हाई, बाई न्हाई. त्येच्या अंगात जो सगळ्यात चांगला गुन हाय, दिलेला शब्द पाळायचा, त्योच त्येला खातो. वाईट मानसाचं वाटोळं झालं तर आपन टाळ्या वाजवतो. चांगल्या मानसाचं त्येच्या चांगुलपनानं झालं तर घरी जाऊनबी त्येच आठवत ऱ्हातं. ह्ये मला कुठल्या मास्तरानं शिकवलं न्हाई. नऊ जत्रा त्येच्या पोशाखात उभा ऱ्हायलो तवा कळलं.

आन् असा मानूस मेला तर मेलाच पायजे. कपाळाला राख लावून त्येला उठवायचं म्हंजे त्येचा अपमान. शालूबाई म्हनली, "असंल बाबा. पर आमाला घरी मढी कमी हाईत का? एखादं तरी उठताना बगू दे की." ह्येच्यावर मी बोलनार हुतो, तेवढ्यात शिट्टी झाली.

तुला थंडीचं काय अंगावर हाय का? कोयनेला गारठा लय म्हनत्यात. तुझी घोंगडी इथंच ऱ्हायलीय. मी धाडनार न्हाई. पायजे तर येऊन न्यावी.

नाथाजी

---

पिंपळदरे
९ मे १९७३

ज्ञानू,

जत्रा झाली. नाटक न्हाई. पालखी निघाली, नारळ फुटला, लोकं घरी गेली. मांडवबी न्हाई घातला.

तुझं दुसरं कार्ड आलं. "ती हाक किल्लेदाराला न्हवती."

मी त्ये कार्ड खिशात घालून दोन दिवस हिंडलो. पयल्यांदा लय राग आला. मला काय दगड समजतोस का रं? मला ठाऊक न्हवतं, ती हाक कुनाला हुती?

आता ऐक. तू लिहिलंस म्हनून लिहितो, न्हाईतर जन्मात लिहिलं नसतं. जत्रंच्या आधी तीन म्हैनं, पुस म्हैन्यात, माझ्या घरात, माझ्या समोर, तू भैरोबापास्नं अनवानी पळत आलास. मुठीत अंगारा. मनूच्या कपाळाला लावलास आन् हाक मारलीस, "आक्का, ऊठ." तीनदा. जशी रीत हाय तशी. तुला वाटलं देव हाय, अंगारा हाय, उठंल. मलाबी वाटलं. मला, पलटणीत मढी उचललेल्या मानसाला, वाटलं. ती उठली न्हाई.

आन् मग जत्रा. मी स्टेजवर पडलो. डोळं मिटलं. आन् तुझा हात आला. त्योच हात, त्योच अंगारा, तीच बोटं. मग तुझी हाक आली आन् ती तीच हुती ज्ञानू, नाटकातली न्हवती. मी आतनं म्हनलं, मनू उठली न्हाई तर ह्यो नाथाजी कोन लागून गेला उठायला? कुठल्या तोंडानं उठू? ती मातीत आन् मी गुलाल उधळत हात जोडू? सगळं गाव हसत घरी जानार, की बगा, अंगारा लावला की उठतंय.

मी नाटकासाठी पडून ऱ्हायलो असं गावाला वाटतं. लालासाहेबालाबी वाटतं. वाटू दे. मी माझ्या बायकूसाठी पडून ऱ्हायलो. आन् परत तशीच येळ आली तर परत पडून ऱ्हाईन. ह्यात मला कमीपना न्हाई.

तू रागावलास त्ये तुझ्या जागी बरोबर असंल. पर एकट्या तुझीच बहीन गेली असं समजू नकोस.

नाथाजी

---

पिंपळदरे
३ मार्च १९७४

चि. ज्ञानूस,

औंदा येरळा नदीला पानी हाय. ज्वारी खांद्याला लागली हुती. लोकांच्या तोंडावर तकाकी आली, आन् तोंडावर तकाकी आली की मानसाला नाटक सुचतं. आप्पासाहेबांनी चावडीत बैठक बोलावली. "किल्लेदाराची आण" करायचं ठरलं.

किल्लेदार कोन, ह्येच्यावर घोडं अडलं. धोंडिराम म्हनला, मेलेल्या मानसाच्या डोक्यावर किल्लेदाराचा मंदील चढवता येनार न्हाई. मी म्हनलं, मग मला जिता कर. त्यो म्हनला, "हवालदार, रीत साधी हाय. ज्या जागी पडला त्याच जागी पडायचं, आन् ज्यानं हाक मारली त्येच्याच हातनं उठायचं. दुसऱ्याचा अंगारा चालत न्हाई."

आप्पासाहेबांनी तोड काढलीया. ज्ञानू आला तर किल्लेदार नाथाजी. न्हाई आला तर लालासाहेबानं सांगलीस्नं जो नट तालमीला आनून ठिवलाय, त्येला काम द्यायचं, आन् मग ह्ये काम पुन्हा माझ्याकडं येनार न्हाई. मी सगळ्यांदेखत सांगितलं, ज्ञानूला मी बोलावनार न्हाई.

तवा ह्ये बोलावनं न्हवं. फकस्त काय चाललंय त्ये कळवतोय. जत्रा चैत वद्य अष्टमीला हाय, सुट्टी टाकायची तर आधी टाकावी लागती, एवढं तुझ्या वर्कशापातबी असंलच.

आन् एक. सांगलीचा त्यो नट मी तालमीला बगितला. आवाज चांगला हाय, हातवारं लय. पर त्यो किल्लेदार उलटा करतो. दाराशी सरकारची हाक येती तवा त्यो "कोण आहे तिकडे?" असं म्हनतो, जसा काय आवाज वळखलाच न्हाई. मी त्येला नावं ठेवत न्हाई, कारन नऊ जत्रा मीबी तसंच केलं. न वळखता दार न्हाई उघडलं, मग त्येची चूक झाली, बिचारा. बिचाऱ्यासाठी कोन किती रडनार?

ही दोन वर्षं मी खडी फोडताना ह्येच घोळवत हुतो. किल्लेदारानं आवाज वळखला हुता. पयल्या हाकंलाच वळखला. ज्या सरकारच्या मांडीला मांडी लावून जेवला, त्येचा आवाज वळखनार न्हाई व्हय? वळखला, आन् तरीबी त्येचा हात कडीकडं गेला न्हाई. उघडता येत हुतं आन् उघडलं न्हाई. तू नाईक म्हनून पाया पडतोस, "किल्लेदार, आवाज ओळखीचा आहे, उघडा," तवा त्येला ठाऊक असतं तू खरं बोलतोस. तिथं त्यो मरतो. सकाळी नुसता पडतो.

मला एकदा तसं करून दावायचं हाय. एकदाच. त्येच्यासाठी समोर नाईक तूच लागतोस, दुसऱ्या कुनाचं त्ये "उघडा" मला लागत न्हाई. ह्ये खरं हाय म्हनून लिहितो, गयावया करायची म्हनून न्हाई.

आन् उठीन का, त्ये इचारू नकोस. शब्द देनार न्हाई. दिला तर पाळावा लागंल.

नाथाजी

---

पिंपळदरे
१७ एप्रिल १९७४

ज्ञानू,

आलास, नाईक केलास, आन् सकाळच्या पयल्या येष्टीनं गेलास. तोंडावरचा रंगबी धड पुसला न्हवतास. माझ्याशी एक अक्षर बोलला न्हाईस, आन् मीबी बोललो न्हाई. आपन दोघं असंच. म्हनून लिहितोय.

तू बगितलंस त्ये माझ्या पायाशी बसून. मी काय बगितलं त्ये तुला ठाऊक न्हाई.

दाराच्या परवेशात तू पाया पडलास, "उघडा" म्हनलास. मी तुझ्याकडं बगितलं आन् थांबलो. भाषनाची ओळ माझ्या तोंडात तयार हुती, पर मी थांबलो. पुढं बाया बसल्या हुत्या, त्यातली एकबी हलंना. शालूबाई पदर तोंडात धरून बसली हुती. मग मी नुसतं म्हनलं, "ओळखला." नाटकाच्या पोथीत ह्यो शबुद न्हाई. आन् कडीकडं पाठ फिरवली. मांडवात असा हुंदका उठला की मला वाटलं आता आप्पासाहेब नाटक थांबवत्यात. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्या एका शबदात झालं. ह्ये मी मिशी पिळून सांगतो, कुनाला खोटं वाटलं तर वाटू दे. लालासाहेब इंगेत, पडद्याच्या कडंला, हुबा हुता, त्येच्या हातातनं तलवारी खाली पडल्या.

मग शेवट. तांबडं फुटलं हुतं. मी पडलो. पडताना ठरवल्यालं, उठायचं न्हाई. मनूला दिलेला शब्द म्हन. कुनी मागितला न्हवता, मीच दिला हुता. मेलेला ऱ्हायला मला काय तोटा न्हवता. दोन वर्षांत सवय झाली हुती.

तुझी पावलं आली. अंगारा कपाळाला लागला. बोटं तीच. पयली हाक मारलीस, "किल्लेदार, उठा." नाटकातली. मी पडून.

दुसरी हाक, "दाजी, उठा." सगळ्या मांडवानं ऐकली. मी पडून. मी आवाज वळखला हुता बरं का. पयल्यापास्नं वळखला हुता. आन् तिथं पडल्या पडल्या मला समजलं, मी काय करतोय. दार धरून बसलोय.

तिसऱ्या हाकंची मी वाट बगितली. आली न्हाई. मला खाली फळीवर काय तरी आदळल्याचं कळलं. मी डोळं उघडलं, मेलेल्यानं उघडू नयेत त्ये उघडलं. तू माझ्याजवळ गुडघ्यावर बसला हुतास. वाटी सांडली हुती. नाईकाचा पटका कुठच्या कुठं. तू तोंड दोन्ही हातात धरून "आक्का, आक्का" करत हुतास, सगळ्या गावादेखत, दोन वर्षांचं रडनं एकदम.

मनू गेली तवा तू रडला न्हवतास. मला आठवतं. मीबी न्हवतो रडलो. आपन दोघं म्हंजे गडी, नुसतं एकमेकांवर चिडलो.

मग मी उठलो. कुनी उठवलं म्हनून न्हाई, तिसरी हाक झालीच न्हाई. तुला खाली बसल्यालं बगवंना म्हनून उठलो. तुझ्या बगलंत हात घालून तुला हुबा केला. देवळाकडं तोंड करून हात जोडायचं ऱ्हाऊनच गेलं, माझं दोन्ही हात तुझ्यात गुतलं हुतं. तू माझ्या खांद्यावर तोंड घालून रडत हुतास आन् मीबी रडत हुतो, मोठ्यांदा. पडदा कवा पडला मला ठाऊक न्हाई. गुलाल कुनी उधळला न्हाई. हलगी वाजली न्हाई. लोकं जाग्यावर बसून हुती, ऊन अंगावर आलं तरी.

आता तुझ्या माघारी गावात काय चाललंय ऐक. धोंडिराम म्हनतो, तिसरी हाक झाली न्हाई, म्हंजे नाथाजी रीतीनं उठला न्हाई. आप्पासाहेब म्हनत्यात, अंगारा लागला, मानूस उठला, आनखी काय पायजे. चावडीत दोन तट पडलं. मी जिता का मेला, निकाल लागत न्हाई. तवर धोंडिरामानं तोड काढली, परसाद अर्धा हातावर ठेवतो आन् अर्धा दगडावर. मी दोन्ही खातो.

पुढच्या जत्रंचं इचारायला आप्पासाहेब सोता घरी आलं. मी सांगितलं, किल्लेदार मी करनार न्हाई. त्येंचं तोंड उतरलं. मी म्हनलं, माझ्यापरीस थोर किल्लेदार गावात दुसरा न्हाई ह्ये मला ठाऊक हाय, पर माझं काम करून झालं. आता किल्लेदार ज्ञानू.

तवा ह्ये बोलावनं समज. मी बोलावतोय, गाव न्हाई. पाठ करायला लाग. "ओळखला" ह्यो शबुद पोथीत लिहून घेतलाय, त्यो माझा हाय, त्यो नीट म्हनायचा. नाईक मी हुईन. माझ्या वयाला शोभत न्हाई म्हनतील, म्हनू देत. पहाटं तू पडलास की अंगारा घिऊन मी यीन.

उठायचं का पडून ऱ्हायचं, त्ये तुझं तू ठरव, मी रागावनार न्हाई. तीन हाका मारीन. तू न्हाई उठलास तर वाटी खाली ठिवीन आन् तुझ्या शेजारी आडवा हुईन.

तुझा दाजी,
नाथाजी